मोठ्या जनावरासाठी शिशाची गोळी की अखंड तांब्याची?

थर्टी-ओ-सिक्ससारख्या शिकारीच्या रायफलीसाठी काडतुसे निवडताना बहुतेकांचा घोळ शेवटी याच दोन प्रकारांपाशी येऊन थांबतो. मी आधी बरीच वर्षे १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे छोटे एकक), शिशाचा गाभा आणि वर तांब्याचे कवच असलेली गोळी वापरली. अलीकडे १६५ ग्रेनची अखंड तांब्याची वापरतो. त्यामुळे पुढील मत अगदी तटस्थ आहे असा दावा मी करणार नाही.

शिशाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. शिसे मऊ असल्याने गोळीचा वेग बराच उतरला तरी ती उमलते, म्हणजे लागल्यावर टोक पसरून रुंद होते, आणि बरगड्यांमधून फुप्फुसात गेली तर जनावर माझ्या अनुभवात थोडे लवकर कोसळते. खरी अडचण खांद्याच्या हाडावर येते, कारण तेथे साधी गोळी फुटून विखुरते आणि आत खोलवर पोहोचत नाही. यावर उपाय म्हणून १९४८ साली विक्रीस आलेल्या नोस्लर पार्टिशन या गोळीमध्ये मधोमध तांब्याचा पडदा ठेवलेला आहे. पुढचा भाग झिजला तरी मागचा अखंड राहून पुढे जातो. गाभा कवचाला जोडून टाकलेल्या बाँडेड गोळ्यांनीही हा दोष बराच कमी केला आहे.

तरीही माझा निर्णय ठरला तो मांस सोलण्याच्या टेबलावर. एका एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) खांद्यात मारलेली साधी गोळी योग्य जागी लागली होती, जनावर जागीच पडले, तक्रारीला वाव नव्हता. पण सोलताना सुरीचे पाते करकरले आणि पात्यावर तांदळाच्या कणीएवढा करडा तुकडा चिकटून आला. जखमेपासून वीतभर दूर, वरून स्वच्छ दिसणाऱ्या मांसातही तसेच कण निघत राहिले, आणि शिसे घरच्यांच्या ताटात जाऊ नये म्हणून मी अखेर तो संपूर्ण खांदा टाकून दिला. पुढे बाँडेड गोळी वापरून पाहिली, तेव्हा कण कमी झाले. संपले मात्र नाहीत. किती कण हातून सुटले असतील, हा विचार जेवताना डोक्यातून जात नसे.

तांब्याची गोळी उमलते तेव्हा तिच्या टोकाच्या पाकळ्या मागे वळतात, पण सहसा तुटत नाहीत. बहुधा ती आरपार निघून जाते, म्हणून मला आजवर एकच परत मिळाली, दूरच्या बाजूच्या कातड्याखाली अडकलेली. धुऊन तराजूवर ठेवली तर १६५ पैकी १६२ ग्रेन भरली. हाड लागले तरी तिची दिशा फारशी बदलत नाही. जनावर कधी कधी पन्नासेक पावले अधिक चालते, हे मान्य केले पाहिजे. पण दोन छिद्रे असल्याने रक्ताचा माग काढणे सोपे जाते.

उणिवाही आहेत. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने त्याच वजनाची गोळी लांब होते आणि नळीतील पीळ (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या सर्पिल खाचा) मंद असेल तर नीट स्थिरावत नाही. म्हणून एक पायरी हलकी गोळी घेणे बरे. उमलण्यासाठी तिला लक्ष्यावर साधारण १८०० ते २००० फूट प्रति सेकंद इतका वेग लागतो, आणि तो उतरला की ती बारीक छिद्र पाडून निघून जाते. सुरुवातीच्या तांब्याच्या गोळ्या नळीत फार तांबे सोडत. गोळीच्या अंगावर खाचा आल्यापासून ती कटकट बरीच कमी झाली, तरी बदनामी अजून टिकून आहे. नवी गोळी भरण्यापूर्वी नळीतील जुना थर पूर्ण काढावा, नाहीतर लक्ष्यावरील छिद्रांचा गट विस्कटतो आणि दोष उगाच गोळीच्या माथी येतो.

चारशे यार्डांपलीकडे बार टाकण्याची सवय असेल, किंवा तुमची रायफल तांब्याशी जमवून घेत नसेल, तर बाँडेड शिसे घेणेच शहाणपणाचे वाटते. माझे बहुतेक बार दोनशेच्या आत असतात, तेव्हा मला तो प्रश्न येत नाही. शिशाच्या काडतुसांची शेवटची दोन खोकी कपाटात आहेत. ती मी कागदी लक्ष्यावर संपवतो आहे.