धक्क्यापासून वेस किती लांब? क्रूझ ठरवण्याआधी एवढं बघाच

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू परवा दोन रंगीत पत्रकं घेऊन आल्या. काका निवृत्त झालेत, दोघांना जुनी शहरं बघायचा नाद. सिंगापूरहून मलेशियातलं पेनांग-मलाक्का करावं की एकदम भूमध्य समुद्रच गाठावा, एवढाच प्रश्न. बोटीवरच्या कॅसिनोशी दोघांचंही देणंघेणं नाही.

म्हटलं, काकू, बंदरं किती ते मोजू नका. बोट ज्या धक्क्याला लागते तिथून जुन्या शहराची वेस किती लांब, ते विचारा.

हे शहाणपण मला पैसे मोजून आलंय. आमच्या पत्रकात 'फ्लॉरेन्स' छापलं होतं आणि बोट लागली लिव्होर्नोला. तिथून फ्लॉरेन्स नव्वदेक किलोमीटर. बस, ट्रॅफिक, मग गाइडची वाट बघणं. कॅथीड्रलचा घुमट बाहेरूनच पाहिला आणि परतीच्या बसमध्ये सँडविच खाल्लं. 'रोम' म्हणजे सिव्हिताव्हेक्किया, तेही सत्तरेक किलोमीटर दूर. पुणं दाखवतो म्हणून लोणावळ्याला उतरवल्यासारखं!

पण त्याच समुद्रात माल्टाचं व्हॅलेटाही आहे. १५६५चा तुर्की वेढा उठल्यावर पुढच्याच वर्षी वसवलेलं शहर. बोट आत शिरताना डेकवर उभे राहा. पिवळसर दगडाचे बुरूज दोन्ही बाजूंनी इतके जवळ येतात की तटावर वाळत घातलेले कपडेही दिसतात. धक्क्यावरून थोडं चालून लिफ्टने थेट वरच्या बागेत. दुपारी बाराला खालच्या तोफखान्यातून तोफ उडते. सेंट जॉन्सच्या चर्चमध्ये इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं सगळ्यात मोठं चित्र आहे, त्यासाठी तासभर राखून ठेवा. मॉन्टेनेग्रोच्या कोटरला तर वेस धक्क्यासमोरच. वरच्या किल्ल्याला मात्र साधारण १,३५० पायऱ्या. पर्वतीला १०३ आहेत, त्यावरून काकांच्या गुडघ्यांचा हिशेब करा.

पेनांगचं जॉर्ज टाउन या कसोटीवर पहिल्या नंबरात पास. बोटीतून उतरलात की कॉर्नवॉलिस किल्ला चालत काही मिनिटांवर. पुढे १८१८चं सेंट जॉर्ज चर्च, चिनी देवीचं धुपाने काळवंडलेलं देऊळ, १८३३चं मारिअम्मन मंदिर आणि कपितान केलिंग मशीद, सगळं एका फेरफटक्यात. मंदिरामागच्या गल्लीत जाईचे गजरे आणि केळीच्या पानावरचं जेवण, त्यामुळे शाकाहारी माणसाचे हाल नाहीत. मलाक्का पोर्तुगीजांनी १५११मध्ये आणि डचांनी १६४१मध्ये घेतलं. डचांची लाल इमारत अजून चौकात उभी आहे. पण तिथे मोठी बोट बऱ्याचदा लांब नांगर टाकते आणि छोट्या होडीतून किनाऱ्यावर नेतात. त्या रांगेत वेळ जातो, तो गृहीत धरा.

व्हिसाचं एक. भूमध्य सागरातली बोट शेंगेन देशांबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांबाहेर, जाऊन परत येणार असेल (कोटरचं तेच आहे), तर पुन्हा आत येता येणारा मल्टिपल एंट्री व्हिसाच मागा. जुलै-ऑगस्टमधलं ऊन आणि गर्दी टाळून सप्टेंबरअखेर जा. सिंगापूरची सहल तीन ते पाच रात्रींत आटपते, भूमध्यसागराला सहसा सात लागतात आणि विमानाचा खर्च वेगळा. टिप्स रोज तुमच्या खात्यावर चढतात, त्या पत्रकात बारीक अक्षरात असतात.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने पेनांग करावं. भूमध्य सागर करायचाच तर रोम-फ्लॉरेन्स वेगळे, रेल्वेने आणि सावकाश करा, आणि बोट अशी निवडा की जिच्या यादीत व्हॅलेटा, कोटर, क्रोएशियाचं दुब्रोवनिक असेल. स्वतःच्या स्वतः फिरायला उतरलात तर बोट तुमच्यासाठी थांबत नाही. सिंगापूरची बोट थायलंडच्या फुकेतलाही जाणार असेल, तर तिथलं घड्याळ सिंगापूरपेक्षा तासभर मागे, त्यामुळे मनगटावर बोटीचीच वेळ ठेवा.

आणि बोटीचा हट्ट नसेल, तर पुण्याहून गाडीने कोची. १५०३चं सेंट फ्रान्सिस चर्च, तिथे वास्को द गामाला आधी पुरलं होतं. पोर्तुगीजांनी बांधून राजाला दिलेला मट्टनचेरीचा वाडा, भिंतींवर रामायण. शेजारी १५६८चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. पुण्यातल्या सिनेगॉगजवळून, म्हणजे आपल्या लाल देवळाजवळून, रोज जाणाऱ्या पुणेकराने ते बघायलाच हवं. मात्र शुक्रवारी आणि शनिवारी ते बंद असतं, तिकीट त्या बेताने काढा.