आधी मेक्सिको की आधी पेरू? कोर्तेस आणि पिझारो यांच्यात निवड करणाऱ्यांसाठी

माझी भाची दोन वर्षं स्पॅनिश शिकते आहे. गेल्या महिन्यात तिने फोन केला, "मावशी, कोर्तेस आणि पिझारो दोघांबद्दल वाचायचंय, पण सुट्टीत एकच होईल. आधी कोणता घेऊ?" मी चटकन सांगितलं, "मेक्सिको घे." रात्री वाटलं, उत्तर घाईचं झालं. तिच्यासाठी ते बरोबर असेलही, पण हाच प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला असता तर मी कदाचित पेरू म्हटलं असतं.

कोर्तेसने मेक्सिकोतलं आस्तेकांचं साम्राज्य जिंकलं, पिझारोने पेरूतलं इंकांचं. या दोन कथा लांबून जुळ्या वाटतात. मूठभर स्पॅनिश सैनिक येतात, सम्राटाला त्याच्याच मुलखात कैद करतात, राजधानी पडते, सोनं समुद्रापार जातं. शाळेच्या पुस्तकात तर दोघं एकाच परिच्छेदात उरकतात. जवळ गेलं की लक्षात येतं, मेक्सिकोच्या कथेत सत्ता कशी मिळाली ते नीट दिसतं आणि पेरूच्या कथेत मिळालेल्या सत्तेचं पुढे काय झालं ते.

आधी माणसं. दोघंही एक्स्त्रेमादुरा या स्पेनच्या पश्चिमेकडच्या गरीब, कोरड्या प्रांतातले. कोर्तेस मेदेयिन गावचा, पिझारो त्रुहियोचा. कोर्तेसच्या आईचं माहेर पिझारो घराण्यातलं, म्हणजे लांबचं नातंही होतं. पण कोर्तेसला थोडंफार लॅटिन आणि कायद्याची भाषा येत होती, आणि तो मोहिमेवरून राजाला लांबलचक पत्रं लिहायचा. पिझारो लग्नाबाहेर जन्मलेला, त्याला शेवटपर्यंत लिहिता-वाचता आलं नाही. वाचकाला हा फरक पानोपानी जाणवतो. कोर्तेस काय म्हणाला, काय लपवलं, कुठे स्वतःची बाजू रंगवली, हे त्याच्याच शब्दांत पकडता येतं. पिझारो मात्र कायम इतरांच्या लेखणीतून भेटतो. माणसाच्या मनात शिरून इतिहास वाचायला आवडत असेल, तर पारडं कोर्तेसकडे झुकतं.

दोघांच्या हातातला परवानाही वेगळा होता, आणि दोन्ही कथांचं पुढचं वळण त्या परवान्यातच आहे. कोर्तेस फेब्रुवारी १५१९ मध्ये क्यूबाहून निघाला तेव्हा त्याच्याकडे ११ जहाजं, सुमारे ५०० सैनिक आणि १६ घोडे होते. (आल्बुकेर्कीने गोवा घेऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. दोन शेजारी राज्यांची जहाजं जगाच्या दोन टोकांना एकाच काळात काय करत होती, हे त्यावरून ध्यानात येतं.) त्याला परवानगी होती टेहळणीची आणि देवाणघेवाणीची, वसाहत करायची नाही. वर क्यूबाचा गव्हर्नर दिएगो वेलास्केस त्याची नेमणूकच रद्द करायला निघाला होता. म्हणून किनाऱ्यावर उतरल्यावर कोर्तेसने सैनिकांकरवी एक गाव वसवलं, तेच व्हेराक्रूझ. गावाला नगरपरिषद आली, आणि त्या परिषदेने राजाच्या नावाने कोर्तेसला सेनापती आणि न्यायाधीश नेमलं. ज्याने परिषद उभी केली त्यालाच परिषदेने अधिकार दिले, आणि वेलास्केस कागदावर बाजूला झाला.

पिझारोने कागद आधी मिळवला. पनामाहून दक्षिणेकडे गेलेल्या पहिल्या दोन मोहिमांत उपासमार आणि मृत्यूच पदरी पडले होते. मग तो स्पेनला गेला आणि २६ जुलै १५२९ रोजी तोलेदोला राणी इसाबेलच्या सहीने करार घेऊन आला. त्यात गव्हर्नरपद पिझारोला मिळालं. बरोबरीचा भागीदार दिएगो दे आल्माग्रो याच्या वाट्याला आला फक्त तुंबेसचा किल्ला. पेरूची निम्मी शोकांतिका या वाटणीतून जन्मली आहे. पेरू निवडलात तर या करारापासून सुरुवात करा, थेट इंका सम्राट अताहुआल्पापासून नको.

आता मेक्सिकोचं खरं बलस्थान. कोर्तेस जिंकला तो बंदुका आणि घोड्यांमुळे, असं अजूनही सर्रास लिहिलं जातं. मला ते पटत नाही. घोड्यांचा आणि पोलादाचा उपयोग झालाच, पण त्याआधी बोलता यावं लागलं. हेरोनिमो दे आगिलार हा १५११ मध्ये जहाज फुटून माया लोकांत अडकलेला स्पॅनिश माणूस त्याला कोसुमेल बेटावर भेटला. पुढे ताबास्कोच्या किनाऱ्यावर हरलेल्या सरदारांनी २० बायका नजराणा म्हणून दिल्या, त्यांत मालिन्त्सिन होती. तिला आस्तेकांची नाहुआत्ल आणि माया दोन्ही भाषा येत. म्हणजे आस्तेक सम्राट मोक्तेसुमाच्या वकिलाचं वाक्य नाहुआत्लमधून मायात यायचं ते मालिन्त्सिनच्या तोंडून, आणि मायातून स्पॅनिशमध्ये यायचं ते आगिलारच्या तोंडून. लवकरच ती स्पॅनिश शिकली आणि आगिलारची गरज उरली नाही. स्थानिक लोक कोर्तेसलाच 'मालिंचे' म्हणू लागले, म्हणजे मालिन्त्सिनचा धनी. सेनापतीची ओळख त्याच्या दुभाषीच्या नावाने व्हावी, यातच सगळं आलं. भाषा शिकणाऱ्या कुणासाठीही ही कथा आधी वाचण्याजोगी आहे, आणि भाचीला दिलेल्या उत्तरामागे हेच होतं.

दुसरी गोष्ट त्लास्कालाची. हे राज्य आस्तेकांचं जुनं वैरी. सप्टेंबर १५१९ मध्ये ते स्पॅनिश सैन्याशी आधी कडवं लढले आणि मग विचार करून त्याच्या बाजूला आले. ८ नोव्हेंबर १५१९ ला कोर्तेस तळ्यातल्या बांधावरून आस्तेकांच्या राजधानीत, तेनोच्तित्लान शहरात शिरला तेव्हा हजारो त्लास्कालन योद्धे त्याच्यासोबत होते. ३० जून १५२० च्या रात्री आस्तेकांनी स्पॅनिशांना शहरातून मारून पिटाळलं, शेकडो मेले, उरलेले जखमी अवस्थेत त्लास्कालाला पोहोचले. त्या क्षणी त्लास्कालाने पाठ फिरवली असती तर मोहीम तिथेच संपली असती. त्यांनी ठेवून घेतलं, पण अटी घालून. पुढच्या वर्षी तळ्यात लढायला १३ जहाजं लागली. त्यांचे भाग त्लास्कालात तयार झाले आणि त्यांच्याच माणसांनी खांद्यावरून डोंगर ओलांडून तळ्याकाठच्या तेश्कोकोला आणले. दरम्यान देवीच्या साथीने शहरात हाहाकार उडवला होता, नवा सम्राट क्वित्लाहुआक तिच्यातच गेला. १३ ऑगस्ट १५२१ ला त्याच्यानंतरचा सम्राट क्वाउतेमोक पकडला गेला आणि शहर पडलं. त्लास्कालाचे लोक पुढे पिढ्यान्पिढ्या राजाकडे अर्ज करत राहिले: आम्ही जिंकले गेलेलो नाही, आम्ही जिंकून दिलं आहे, आमच्या सवलती पाळा.

हरलेल्यांचा आवाज ऐकायचा असेल तरी मेक्सिकोच आधी. फ्रान्सिस्कन साधू बेर्नार्दिनो दे साहागुन याने नाहुआ पंडितांसोबत तयार केलेल्या, आज फ्लोरेन्सला असलेल्या बारा खंडांच्या हस्तलिखितातला शेवटचा खंड या युद्धाचा आहे. एका रकान्यात नाहुआत्ल, दुसऱ्यात स्पॅनिश, मध्ये चित्रं. वेढ्यात लोकांनी सरडे, मक्याची वाळकी पानं, चामडं खाल्लं, हे त्यात आहे. मात्र सावध राहा. ही आठवण युद्धानंतर काही दशकांनी लिहिलेली आहे आणि सांगणारे प्रामुख्याने त्लातेलोल्कोचे, म्हणजे राजधानीच्या जुळ्या शहराचे. सगळं खापर मोक्तेसुमावर फोडण्याकडे त्यांचा कल आहे. स्पॅनिशांना आस्तेकांनी देव मानलं, ही गोष्टसुद्धा अशा नंतरच्या कथनांतूनच पसरली आणि आज अनेक इतिहासकार ती मानत नाहीत.

पेरूची सुरुवात मी थोडक्यात सांगते, कारण ती सगळीकडे सापडते. इंका सम्राट हुआयना कापाक मेल्यावर हुआस्कार आणि अताहुआल्पा या भावांत युद्ध पेटलं. अताहुआल्पा नुकताच जिंकला होता, तेव्हा १६ नोव्हेंबर १५३२ ला काखामार्काच्या चौकात पिझारोच्या १६८ माणसांनी त्याला पकडलं. सुटकेसाठी त्याने एक खोली एकदा सोन्याने आणि दोनदा चांदीने भरून द्यायचं कबूल केलं आणि दिलंही. तरी २६ जुलै १५३३ ला त्याला गळा आवळून मारण्यात आलं.

पुष्कळ पुस्तकं इथे थांबतात. माझ्या मते पेरूची वाचण्यासारखी कथा इथून पुढे आहे. स्पॅनिशांनी गादीवर बसवलेल्या मांको इंकाने १५३६ मध्ये उठाव करून इंकांच्या जुन्या राजधानीला, कुस्कोला कित्येक महिने वेढा घातला. मग तो विल्काबाम्बाच्या जंगलात गेला आणि तिथलं इंका राज्य १५७२ पर्यंत टिकलं. काखामार्कापासून चाळीस वर्षं! 'एका दिवसात पडलेलं साम्राज्य' ही ओळख किती अपुरी आहे ते इथे कळतं. तिकडे जेते एकमेकांच्या जिवावर उठले. कुस्को कुणाचं यावरून युद्ध झालं, हरलेल्या आल्माग्रोला १५३८ मध्ये ठार मारलं, आणि त्याच्या माणसांनी २६ जून १५४१ ला लिमात घरात घुसून पिझारोला भोसकलं. लिमाच्या कॅथेड्रलमध्ये पिझारोचा म्हणून दाखवला जाणारा ममी दुसऱ्याच कुणाचा निघाला. १९७७ मध्ये तिथेच शिशाच्या पेटीत खरी कवटी सापडली आणि हाडांवर तलवारींच्या खुणा मिळाल्या.

दोन्ही देशांची तुलना सर्वांत उजळ होते ती १५४२ च्या नव्या कायद्यांवर. मोहिमेतल्या स्पॅनिशांना एन्कोमिएन्दा मिळत असे. त्यात जमिनीची मालकी नसायची. ठरावीक गावांच्या लोकांकडून खंडणी आणि श्रम घ्यायचा हक्क असायचा, बदल्यात त्यांना ख्रिस्ती धर्म शिकवायचा. आपल्याकडचा मोकासा डोळ्यांसमोर आणला तर वसुलीचा भाग कळेल, वेठीचा भाग त्यात आणखी मिळवायचा. बार्तोलोमे दे लास कासास या स्पॅनिश धर्मगुरूसारख्यांनी या अत्याचारांविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला होता. नव्या कायद्यांनी ठरवलं की हा हक्क वारसाला मिळणार नाही, धारक मेला की तो राजाकडे जाईल.

कायदा दोन्हीकडे एकच होता. मेक्सिकोत १५३५ पासून आंतोनियो दे मेंदोसा हा मुरलेला व्हाइसरॉय होता. स्पेनहून कायदा घेऊन आलेला अधिकारी तेयो दे सांदोवाल आणि तो, दोघांनी विरोधाचा अंदाज घेऊन वादग्रस्त कलमं थांबवून धरली. बंड झालं नाही. पेरूत नवा व्हाइसरॉय ब्लास्को नुन्येस वेला याने कायदा लगेच लागू करायचा हट्ट धरला. पिझारोचा भाऊ गोन्सालो बंडखोरांचा पुढारी झाला आणि जानेवारी १५४६ मध्ये क्विटोजवळच्या लढाईत व्हाइसरॉयचंच डोकं उडवलं गेलं. राजाच्या प्रतिनिधीचं!

मग स्पेनने पेद्रो दे ला गास्का नावाचा पाद्री पाठवला. सैन्य जवळजवळ नाहीच, सोबत राजाच्या सहीचे कोरे कागद आणि माफी द्यायचा अधिकार. वारसाहक्क काढणारं कलम तोवर राजाने मागे घेतलं होतं. ला गास्काने आधी पनामातलं बंडखोरांचं आरमार वळवलं, मग एकेक सरदार. एप्रिल १५४८ मध्ये हाकिहाहुआनाच्या मैदानात गोन्सालोचे सैनिक लढाई सुरू होता होताच पलीकडे चालत गेले. दुसऱ्या दिवशी गोन्सालोचा शिरच्छेद झाला. सत्ता समजून घ्यायला याहून चांगलं प्रकरण मला या सगळ्या इतिहासात सापडलेलं नाही. लोकांचे श्रम मात्र कुणीच परत दिले नाहीत. जिंकल्यावर ला गास्कानेही एन्कोमिएन्दा नव्याने वाटल्या. हे विसरून त्याचं कौतुक करू नये.

कोर्तेसच्या कथेत या तोडीचा उत्तरार्ध नाही. त्याला १५२९ मध्ये ओआहाकाच्या खोऱ्याचा मार्केस केलं, पण राज्यकारभार परत दिला नाही. दावे लढवत तो १५४७ मध्ये सेव्हिलजवळ वारला.

चांदीत रस असेल तर बेधडक पेरूकडे जा. मेक्सिकोतही साकातेकासच्या खाणी होत्या, पण आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीचा डोंगर १५४५ मध्ये हाती आला आणि व्हाइसरॉय तोलेदोने १५७३ पासून इंकांच्या जुन्या पाळीच्या श्रमपद्धतीला, मिताला, खाणीच्या सक्तीत बदललं. या अमेरिकन चांदीचा एक प्रवाह सतराव्या शतकात सुरतेला उतरत होता आणि तीच चांदी वितळवून मुघल टांकसाळी रुपये पाडत. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सुरतेवर छापा घातला, ती सुरत हीच.

पेरूची अडचण एकच, पण मोठी. इंकांकडे लिपी नव्हती, गाठींच्या दोऱ्यांचे किपू होते. त्यामुळे स्थानिक बाजू उशिरा आणि थोड्या जणांकडून कळते. त्यांत पेरूतल्याच वामान पोमा या स्थानिक लेखकाचं सुमारे १६१५ सालचं हस्तलिखित अनमोल आहे: जवळजवळ १२०० पानं, ४०० च्या आसपास चित्रं, राजाला उद्देशून लिहिलेली तक्रार. ते १९०८ मध्ये कोपनहेगनच्या राजग्रंथालयात सापडलं. त्याची स्पॅनिश केचुआ मिसळलेली आणि खडबडीत आहे, नवशिक्याला दमवते.

म्हणून भाचीला पुन्हा फोन करून मेक्सिकोच सांगितलं, पण या वेळी कारणासकट. तिचा भाऊ स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, त्याला कायदा आणि त्याची अंमलबजावणी यांतली दरी रोज अभ्यासायची असते. त्याला मी ला गास्कापासून उलट मागे, तोलेदो शहरात झालेल्या १५२९ च्या करारापर्यंत वाचायला सांगितलंय. साहागुनचं हस्तलिखित आणि वामान पोमाची पानं, दोन्ही इंटरनेटवर फुकट पाहता येतात. अजूनही ठरत नसेल तर एका संध्याकाळी दोन्हींची फक्त चित्रं उलगडा. एकीकडे मालिन्त्सिन दोन गटांच्या मधोमध उभी राहून बोलताना दिसेल, दुसरीकडे अताहुआल्पासमोर पुस्तक हाती घेतलेला पाद्री. ज्या चित्रावर जास्त वेळ थांबाल, तिथून सुरुवात करा.