मरीनो की हॅलेट कोव्ह? ॲडलेडमध्ये हाती अर्धाच दिवस असेल तर

ॲडलेडच्या दक्षिणेला, सीफर्डकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गालगत दोन छोटी संरक्षित उद्यानं आहेत: मरीनो कन्झर्वेशन पार्क आणि त्याच्या पुढचं हॅलेट कोव्ह कन्झर्वेशन पार्क. दोन्हीकडून सेंट व्हिन्सेंटचं आखात दिसतं, दोन्हीकडे सूर्य समुद्रात बुडतो, दोन्हीकडे प्रवेश फुकट. म्हणून लोक म्हणतात, कुठेही जा, एकच आहे. तसं मुळीच नाही.

पाहुण्यांना मी आधी हॅलेट कोव्हलाच पाठवतो, कारण तिथे दाखवायला काहीतरी ठसठशीत आहे. ब्लॅक क्लिफच्या माथ्यावर खडकाचा एक गुळगुळीत पट्टा आहे आणि त्यावर समांतर ओरखडे आहेत. सुमारे 28 कोटी वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलिया अंटार्क्टिकाला जोडलेला होता, तेव्हा इथून सरकणाऱ्या हिमनदीच्या पोटात अडकलेल्या दगडांनी खालचा खडक घासला, त्याच्या या खुणा. 1877 साली ॲडलेड विद्यापीठाचे प्राध्यापक राल्फ टेट यांनी त्या ओळखल्या. बर्फ दक्षिणेकडून आला, याची साक्ष इथे विखुरलेले परके दगड देतात. त्यांतला काही ग्रॅनाइट थेट दक्षिणेकडच्या व्हिक्टर हार्बरच्या बाजूचा आहे. पायाखालचा घड्या पडलेला जांभळट खडक तर साधारण 60 कोटी वर्षांचा. पुढे ‘अँफिथिएटर’ नावाचा मोठा खोलगट भाग आहे आणि त्यात पांढऱ्या टोकाची शुगरलोफ टेकडी. तिचे थर उतरत्या उन्हात फार छान उजळतात, त्यामुळे इथे सकाळपेक्षा चार वाजता पोहोचलेलं बरं. माहितीफलक भरपूर आहेत, लाकडी पायवाट आणि पायऱ्याही आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर सगळं वर्तुळ पुरं करायचा हट्ट नको. वरच्या बाजूने जमेल तेवढं पाहून परत फिरावं.

मरीनोची गोष्ट वेगळी. साधारण 30 हेक्टरचं उद्यान, माथ्यावर 1962 सालचं काँक्रीटचं दीपगृह, आणि बाकी सगळं खुरटं झुडपी रान. पहिल्यांदा पाहणारा हमखास विचारतो, ‘हे एवढंच?’ हो, एवढंच. पण शहराच्या किनाऱ्यावर एकेकाळी असंच रान होतं, आता त्यातले तुकडेच उरलेत. पातळ माती आणि खारा वारा, त्यामुळे झुडपं उंच होत नाहीत. करवंदीच्या जाळीसारखी जमिनीला धरून पसरतात, पानं बारीक आणि चिवट. कमरेत वाकून पाहिलं तरच इथली मजा कळते. वनस्पतींची ओळख करून देणारी एक आखलेली पायवाट आहे, तिच्यावरून सावकाश जावं. ऑगस्ट ते ऑक्टोबर फुलांचे दिवस. त्या दिवसांत मी बेधडक मरीनोच्या बाजूने मत देईन. जानेवारीत, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, मात्र सगळं करपलेलं असतं आणि सावली नावाला नाही. तेव्हा मरीनोला नेलंत तर पाहुणे तोंडावर काही बोलणार नाहीत, एवढंच.

इथलं रान सांभाळणं म्हणजे बरंचसं तण उपटणं. दक्षिण आफ्रिकेतून आलेलं पिवळ्या फुलांचं बोनसीड आणि रानटी झालेला ऑलिव्ह ही या परिसराची जुनी डोकेदुखी. म्हणजे सगळ्यात उठून दिसणारं पिवळंधमक झुडूप कदाचित शत्रुपक्षाचं असेल. वाट सोडून आत शिरू नका. विरळ माती एकदा उखडली की सावरायला फार वेळ लागतो.

लहान मुलं बरोबर असतील तर प्रश्नच नाही, हॅलेट कोव्ह. खाली किनाऱ्याजवळ हेरन वेला खेळण्याची जागा आहे, स्वच्छतागृह आहे. मरीनोला पाणी घरूनच न्या. पक्षी किंवा झाडं यांचं वेड असलेला एकटादुकटा माणूस मरीनोत जास्त रमेल, कारण गर्दी नसते. उन्हाळ्यात दोन्हीकडे साप निघतात, विषारी ब्राउन स्नेकसुद्धा. बंद बूट हवेतच. वणव्याचा इशारा असेल त्या दिवशी उद्यानं बंद ठेवली जाऊ शकतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करा.

गाडी नसली तरी अडत नाही. मरीनोसाठी मरीनो रॉक्स स्टेशनवर उतरावं आणि चढ चढायची तयारी ठेवावी. दुसऱ्यासाठी हॅलेट कोव्ह किंवा हॅलेट कोव्ह बीच.

पाय धड असतील तर निवड टाळायचीही सोय आहे. मरीनोपासून हॅलेट कोव्हपर्यंत कड्यांवरून साधारण 7 किलोमीटरची किनारवाट जाते. ओघळींमध्ये उतरणाऱ्या-चढणाऱ्या पायऱ्या दम काढतात आणि दुरुस्तीसाठी एखादा टप्पा बंद असू शकतो. चालायला सुरुवात मरीनोकडून करा: आधी दीपगृहाची टेकडी, मग वाट, आणि शेवटी पाय समुद्रात बुडवून हॅलेट कोव्हहून परतीची गाडी.