कात्रीने कापलं, तरी कार्ड चालूच

मी एका खाजगी कंपनीत अकाउंट्स बघते. दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासते, बावीस रुपयांचा फरक आला तरी संध्याकाळी थांबून शोधते. त्यामुळे हे लिहायला जरा लाजच वाटते. पण परवा ऑफिसमधली एक मुलगी ‘फोन करून क्रेडिट कार्ड बंद केलं बाई एकदाचं’ म्हणत आली. मी विचारलं, ‘मेसेज काय आलाय?’ तिने तो उघडलाही नव्हता. म्हटलं, लिहूनच टाकावं.

२०२३ च्या दिवाळीआधीची गोष्ट. नाशिकमधल्या एका मॉलमध्ये सरकत्या जिन्यापाशी टॅब घेतलेला एक मुलगा उभा. ‘मॅडम, लाइफटाइम फ्री आहे, दोनच मिनिटं.’ दोनाची वीस झाली. टॅब पूर्ण वेळ त्याच्याच हातात. माझ्या मोबाइलवर ओटीपी यायचा, मी वाचून दाखवायची, तो टाकायचा. असे तीन ओटीपी झाले. तिसरा कशासाठी होता हे मी विचारलं नाही. घाई होती, आणि मुलगा गोड बोलत होता.

कार्ड आलं, मी अ‍ॅपवरून सुरू केलं आणि कपाटात ठेवलं. एक रुपयाचीही खरेदी केली नाही. नोव्हेंबरचं बिल आलं: वार्षिक शुल्क ४,९९९, त्यावर १८ टक्के जीएसटी ८९९.८२. एकूण ५,८९८.८२.

लगेच कस्टमर केअरला फोन लावला. ‘मला हे कार्ड नको, आत्ताच्या आत्ता बंद करा.’ त्या मुलीने ‘संबंधित विभागाला’ जोडून दिलं. हा संबंधित विभाग म्हणजे कार्ड बंद करणारा विभाग नव्हे, तर बंद करू न देणारा. त्या माणसाचा आवाज अगदी घरच्यासारखा. ‘मॅडम, चूक झालीय, फी पूर्ण रिव्हर्स करतो. बिल आत्ता भरू नका, नाहीतर एंट्री उलटी फिरवायला त्रास होतो. साठ दिवसांत थोडा वापर दाखवायचा, एवढी छोटीशी फॉर्मॅलिटी. रजिस्टर करू ना?’ मी म्हटलं, ‘करा, पण कार्ड बंद झालं पाहिजे.’ तो म्हणाला, ‘हो हो, सगळं होऊन जाईल.’

मेसेज आला. त्यात विनंती क्रमांक होता. क्रमांक बघून मला बरं वाटलं, आणि स्वयंपाकघरातली कात्री घेऊन मी कार्डाचे चार तुकडे केले. चिप कापताना जरा जोर लागला, एवढंच काय ते आठवतंय. मेसेजमध्ये इंग्रजीत लिहिलं होतं की तुमची ‘फी रिव्हर्सल ऑफर’ नोंदवली आहे आणि साठ दिवसांत पन्नास हजारांची खरेदी केल्यास ती लागू होईल. कार्ड बंद करण्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. मी तो मेसेज नीट वाचला फेब्रुवारीत.

कारण फेब्रुवारीत ऑफिसच्या वेळेत वसुलीवाल्याचा फोन आला. मधली बिलं ईमेलच्या प्रमोशन्सच्या कप्प्यात पडून होती. दर महिन्याला उशिराचे ७५० अधिक जीएसटी, वर महिना साडेतीन टक्के व्याज, त्या व्याजावरही जीएसटी. आकडा साडेनऊ हजारांच्या घरात गेलेला. वसुलीवाला ‘ताई’ म्हणून सुरू झाला आणि तिसऱ्या वाक्याला ‘तुमच्या साहेबांशी बोलू का’ इथवर आला.

आमचे धाकटे दीर एका सहकारी बँकेत कर्ज विभागात आहेत. त्यांनी सगळी बिलं पसरून पाहिली आणि पहिला प्रश्न केला, ‘वहिनी, बंद करा असं लेखी कुठे आहे?’ कुठेच नव्हतं. मग त्यांनी रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये क्रेडिट कार्डांसाठी काढलेले निर्देश दाखवले. बंद करण्याची विनंती आली की सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं, नाही केलं तर उशिराच्या दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे. वाचून मी खूश. पण पुढचीच अट: खात्यावर बाकी नसेल तरच. म्हणजे ‘बिल भरू नका’ हा त्या घरगुती आवाजाचा सल्ला किती कामाचा होता ते कळलं. बाकी ठेवायला लावली की दंडाचा प्रश्नच मिटतो. मुद्दाम केलं की पाठ केलेला मजकूर वाचला, देव जाणे.

माझ्या कामाचं मात्र दुसरंच कलम होतं. न भरलेलं शुल्क आणि कर मूळ रकमेत मिसळून त्यावर व्याज लावता येत नाही. माझी खरेदी शून्य. मग व्याज कशावर लावलं? फीवरच की! इतकी वर्षं अकाउंट्स बघून मला हे दिसलं नव्हतं.

भावजींच्या सांगण्यावरून मी दोन कामं वेगळी केली. आधी ५,८९८.८२ भरले आणि ‘हरकत राखून भरत आहे’ असं ईमेलमध्ये लिहिलं, निदान मीटर तरी थांबावा. त्याच ईमेलच्या विषयाच्या ओळीत ‘क्रेडिट कार्ड बंद करण्याची विनंती’ एवढंच. दुसरा ईमेल वादाचा: त्या दिवसाचं फोनचं रेकॉर्डिंग द्या, फीला मी संमती दिल्याचा पुरावा द्या, फीवर व्याज कोणत्या नियमाने लावलं ते सांगा. चुकीच्या बिलाची तक्रार आली की तीस दिवसांच्या आत कागदपत्रांसह उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, हेही लिहिलं.

पहिलं उत्तर आलं ते छापील: ‘आम्हाला आपल्या असुविधेबद्दल खेद आहे.’ पुढचे तीस दिवस असेच गेले. मग मी रिझर्व्ह बँकेच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तक्रार भरली. त्याला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. आधी बँकेकडे तक्रार केल्याचा पुरावा मात्र लागतो, म्हणून ते ईमेल जपून ठेवा. काही अडलं तर १४४४८ वर विचारता येतं.

आठ-दहा दिवसांत त्याच बँकेतून एका अधिकारी बाईंचा फोन आला, या वेळी अगदी मुद्द्याचं बोलणाऱ्या. उशिराचे आकार आणि व्याज पूर्ण उलटवलं, कार्ड बंद केल्याचं पत्र आलं. फी परत मिळाली नाही. त्यांनी पुरावा पाठवला: अर्जाच्या शेवटच्या पानावर शुल्काचा तक्ता, खाली ‘ग्राहकाने ओटीपीद्वारे मान्यता दिली’ आणि वेळ, संध्याकाळी ६.४७. तिसरा ओटीपी. ‘लाइफटाइम फ्री’ म्हणणारा मुलगा त्या कागदावर कुठेच नव्हता.

जूनमध्ये क्रेडिट रिपोर्ट काढला, म्हणजे आपली कर्जं आणि कार्डं वेळेवर फेडली का याची महिनावार नोंद. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा तो फुकट द्यायचा असतो. कार्डापुढे ‘बंद’ आलं होतं, पण जानेवारी-फेब्रुवारीच्या चौकोनांत थकबाकीचे दिवस तसेच. ते काढायला आणखी दोन ईमेल आणि सहा आठवडे लागले. तोवर मुलाच्या इंजिनिअरिंगच्या शैक्षणिक कर्जाची फाइल सुरू झाली होती. सहअर्जदार मी. मॅनेजर साहेबांनी स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, ‘मॅडम, हे काय?’ मी पिशवीतून बंद केल्याच्या पत्राची प्रत काढून त्यांच्या टेबलावर ठेवली, आणि तिच्याखाली तो नोव्हेंबरचा मेसेज, छापून घेतलेला.