कोकोपीट आणि जिप्सम : ऐरोलीच्या खाऱ्या मातीत अकरा महिने वापरल्यानंतर

सप्टेंबरमध्ये मी याच कोकोपीटला (नारळाच्या काथ्याचा भुसा, मातीत मिसळायला) पाच स्टार देऊन मोकळी झाले होते, फोटोसकट. ते आज मागे घेतेय. तीन स्टार. जिप्समला, म्हणजे जमीन सुधारायला टाकतात त्या कॅल्शियमवाल्या पावडरीला, चार. आणि सगळ्यात जास्त पैसे वसूल कशाचे झाले तर दोनशे रुपयांच्या टीडीएस मीटरचे, जो मी फिल्टरचं पाणी तपासायला घेतला होता (पाण्यात क्षार किती विरघळलेत ते तो पीपीएममध्ये दाखवतो, आकडा जास्त म्हणजे मीठ जास्त).

आधी जागा सांगते, कारण तुमची जागा वेगळी असेल तर हे सगळं वाचून उपयोग नाही. नवी मुंबईतल्या ऐरोलीत खाडीकडच्या बाजूला बैठं घर, मागे 10 बाय 12 फुटांचा तुकडा. वर भरावाचा मुरूम, कुदळ मारली की ठण्ण आवाज, आणि फूट-सव्वा फूट खाली गेलं की काळा चिकट चिखल, त्यात शिंपले. म्हणजे कधीकाळी इथे भरतीचं पाणी येत असणार हे सांगायला कोणी इंजिनिअर नको. आधीच्या मालकांनी फरशी घालून टाकली होती, मी हौसेने ती काढली. सासूबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या की फरशी उगाच नसते घातली कोणी.

जूनच्या शेवटी ऑनलाइन 5 किलोचे सहा कोकोपीट ब्लॉक मागवले, सगळ्यात स्वस्त होते ते. एक ब्लॉक फुगून साधारण 70 लिटर होतो, पण सहाही ओतले तरी एवढ्या जागेत जेमतेम दीड इंचाचा थर होतो हे गणित मी नंतर केलं. त्यात गांडूळखत मिसळलं आणि मुरमात खणून टाकलं. पाऊस सुरूच होता. भेंडी, चवळी, काकडी, अळू, काय सांगू, जंगल झालं नुसतं. शेजारच्या काकू भेंडी न्यायला यायच्या. तेव्हाचा तो पाच स्टारवाला रिव्ह्यू.

मग पाऊस गेला. दिवाळीनंतर घेवडा लावला, टोमॅटो लावले, हौसेने एक लिंबू पण जमिनीत लावलं. डिसेंबरात घेवड्याच्या पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या, मला वाटलं पाणी कमी पडतंय म्हणून रोज थोडं थोडं शिंपडायला लागले (हे सगळ्यात वाईट केलं, पुढे सांगते). जानेवारीत मातीवर पांढरी पावडर दिसायला लागली. मी बुरशी समजून हळद टाकली. शेवटी मुलाने बोट लावून चाटून बघितलं आणि म्हणाला, आई मीठ आहे.

आमच्याकडे दिवा गावातून मासळी घेऊन एक मावशी येतात, त्यांनी मागच्या दारातून बघितलं आणि हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "मीठ खालून चढतंय, वरून काय बी टाक." त्यांच्या माहेरी खारपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, भात असायचा. बांध घालून खाडीचं पाणी बाहेर ठेवायचं, पावसाचं गोडं पाणी शेतात साठवायचं, ते मीठ घेऊन गेलं की सोडून द्यायचं, आणि मग लावणी. म्हणजे माझं जंगल कोकोपीटने झालंच नव्हतं, पावसाने मीठ धुवून खाली ढकललं होतं म्हणून झालं होतं. पाऊस थांबला, वरची माती सुकायला लागली की खालचं खारं पाणी वातीसारखं वर चढतं, पाणी उडून जातं आणि मीठ वर राहतं. मी रोज थोडं थोडं पाणी शिंपडत होते ते मुळांपर्यंत मीठ विरघळवण्यापुरतं होतं, धुवून काढण्यापुरतं नाही.

आता कोकोपीटचे दोन स्टार का कापले. एक ब्लॉक उरला होता, तो भिजवला आणि सहज मीटर बुडवला. आमच्या नळाचं पाणी, मोरबे धरणाचं, शंभरच्या आत असतं. हे पाणी 1900. दोनदा परत बुडवून बघितला, तेच. नारळाचा काथ्या बऱ्याच ठिकाणी मचूळ पाण्यात कुजवतात, त्यातलं मीठ चांगलं धुतलं नसेल तर ब्लॉकमधेच येतं. खाऱ्या जमिनीत मी पैसे देऊन मीठ आणून टाकलं! पाकिटावर "लो ईसी" (म्हणजे क्षार कमी) किंवा "वॉश्ड" (धुतलेलं) लिहिलेलं बघा, आणि लिहिलेलं असलं तरी स्वतः मोजा. तीन-चार वेळा भिजवून पिळून काढलं की चारशेच्या खाली येतं, पण हात दुखतात आणि पाणी किती जातं ते विचारू नका. अजून एक, कोकोपीटमध्ये झाडाला खायला जवळपास काहीच नसतं आणि वर ते कॅल्शियम धरून ठेवतं. माझ्या टोमॅटोंची बुडं काळी पडली ती बहुतेक त्यामुळेच, त्यात खारटपणाची भर. पाणी धरून ठेवायला मात्र ते खरंच छान आहे, हे नाकारत नाही.

जिप्सम फेब्रुवारीत पनवेलच्या कृषी सेवा केंद्रातून आणलं, ऑनलाइनपेक्षा बरंच स्वस्त. पण आणण्याआधी एक टेस्ट करा, फुकट आहे. मातीचं सुकं ढेकूळ एसीतून ठिबकणाऱ्या पाण्यात (नळाच्या नाही, त्यात क्षार असतात) न हलवता ठेवा. दुसऱ्या दिवशी ढेकळाभोवती दुधाळ ढग दिसला तर मातीत सोडियम चिकटलंय, तिथे जिप्समचा उपयोग. पाणी स्वच्छ राहिलं तर नुसतं मीठ असू शकतं, मग जिप्समने काही होत नाही, धुवूनच काढायला लागतं. माझ्याकडे ढग आला. 10 किलो पसरलं, म्हणजे चौरस मीटरला साधारण एक किलो. त्यातलं कॅल्शियम सोडियमला मातीवरून हाकलतं, पण हाकललेलं सोडियम वाहून जायला वाट पाहिजे. आमच्या मुरमात ती नव्हती, नवऱ्याने पहारीने भोकं पाडून कडेने चर काढला आणि गटाराला जोडला, तेव्हा कुठे महिनाभराने पाणी मुरायला लागलं. पूर्वी बादली ओतली की तासभर डबकं. एक स्टार कापला कारण पाकिटावर निचऱ्याबद्दल एक शब्द नाही.

घेवडा आणि लिंबू दोन्ही गेले. लिंबू खरं तर कुंडीतच बरं होतं, मीठ त्याला अजिबात चालत नाही. पालक आणि बीट मात्र त्याच जागेत टिकले, बीट तर मस्त.

मार्चमध्ये अर्ध्या भागात विटांचा 4 बाय 8 चा फूटभर उंच वाफा केला, तळाला चार इंच खडी. खडीतून पाणी वर चढू शकत नाही, ही आयडिया नवऱ्याची, मान्य करायला लागतं. वर रेन ट्रीच्या सुक्या पानांचं जाड पांघरूण, ती रस्त्यावर पोत्याने मिळतात. एप्रिल-मे गेला, वाफ्यावर पांढरं आलं नाही. शेजारच्या उघड्या जमिनीवर आलं, तिथे अळूसाठी पाऊस येऊ दे मग बघू.

नवीन ब्लॉक घेतलाय, दुसऱ्या विक्रेत्याचा, वॉश्ड लिहिलेला, शंभर रुपये जास्त देऊन. पहिलं पाणी 760, आज सकाळी तिसरं काढलं, 310. टब अजून मोरीतच आहे आणि सासूबाईंना अंघोळीला जायचंय.