२७ हजारांची टूरिंग सायकल, १२ रुपयांचा स्पोक : सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

परवा कंपनीचा मेसेज आला. ‘आपला सायकलिंगचा आनंद पाचपैकी किती ताऱ्यांचा?’ खाली पाच तारे, आणि लिहायला चौकट एवढीशी की तिच्यात नुसत्या मागच्या चाकाचं गाऱ्हाणंही मावलं नसतं. म्हणून इथे लिहिते. ब्रँडचं नाव टाकत नाही. या किमतीत दुसरी कुठलीही घेतलीत तरी मागचं चाक बहुधा याच जातीचं निघेल, त्यामुळे नाव कळून तुमचा काही फायदा नाही.

स्पेसिफिकेशन उगाळत बसत नाही. स्टीलची फ्रेम, तीन बाय आठ गिअर (पुढे तीन चकत्या, मागे आठ), केबलवाले डिस्क ब्रेक, ७०० बाय ३८चे टायर, कॅरिअर लावायला भोकं. मी इंदूरला राजेंद्रनगरात राहते. ही सायकल घेतली ती एकाच कामासाठी : सामान लादून दादाबरोबर नाशिकला मावशीकडे जायचं. म्हणजे जाहिरातीत छापलंय तेच काम. जाहिरातीतली सायकल दोन्ही बाजूंना पिशव्या लावून बर्फाच्या डोंगरापुढे उभी आहे. उभीच आहे, चालताना दाखवलेली नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

दिवाळीनंतर सराव सुरू केला. आधी उज्जैन, मग देवासची टेकडी, मग महूवरून जाम गेट. सामानाची सवय व्हावी म्हणून पिशव्यांत तांदूळ भरले, दोन्हीकडे पाच-पाच किलो. (पिशव्या कंपनीच्या नाहीत. त्यांची किंमत ऐकून मी तिरपालवाल्याकडून शिवून घेतल्या, त्या अजून जशाच्या तशा आहेत.) जाम गेटवरून खाली मंडलेश्वरला उतरलो, नर्मदेच्या घाटावर डबे खाल्ले आणि परत चढताना मागून ‘टण्’ असा आवाज आला. मला वाटलं खडा उडाला. दादा मागून ओरडला, “थांब, चाक डुलतंय तुझं!”

मागच्या चाकाचा एक स्पोक मानेत, म्हणजे चाकाच्या मधोमध असलेल्या हबच्या भोकातून वळून बाहेर येतो तिथे, साफ तुटला होता. तोही गिअरच्या बाजूचा. ज्यांनी हे भोगलंय त्यांना कळलं असेल. त्या बाजूचा स्पोक बदलायचा तर आधी कॅसेट, म्हणजे मागच्या गिअरच्या चकत्यांचा गठ्ठा, काढावी लागते, आणि तिला खास खाचांचा पाना आणि चेनचा तुकडा जोडलेला दांडा असं दोन्ही लागतं. घाटाखालच्या पंक्चरवाल्याकडे हे कुठून असणार? त्याच्याकडचे स्पोक काळ्या सायकलींचे, आमच्यापेक्षा लांब. पण माणूस हुशार. शेजारचे दोन स्पोक सैल केले, समोरचा थोडा आवळला आणि चाकाचा आउट, म्हणजे डावी-उजवीकडचं डुलणं, निम्म्यावर आणून दिला. दहा रुपये घेतले, तेही मी हातात कोंबले म्हणून.

एक गोष्ट मात्र सायकलच्या बाजूने लिहायलाच हवी. डिस्क ब्रेक म्हणजे दिखाऊपणाचे दोन हजार जास्त, असं मी घेतल्यापासून म्हणत होते. त्या दिवशी रिमवर दाबणारे ब्रेक असते तर डुलणारी रिम दर फेरीला ब्रेकला घासली असती आणि सायकल टेम्पोत टाकूनच आणावी लागली असती. डिस्क हबपाशी असते, रिम कितीही वेडीवाकडी फिरो, तिला पत्ता नसतो. टायर फ्रेमला लागत नव्हता तेवढ्यावर मी घरी पोचले. तेव्हा ब्रेकचे दोन हजार वसूल.

आता स्पोकबद्दल. घरचे म्हणतात, एवढ्याशा तारेबद्दल किती बोलशील? बोलेन. दुधवाल्यांच्या काळ्या सायकली बघा : पुढे ३२ स्पोक, मागे ४०. दुधाच्या कोठ्या (कॅन) लटकवून वर्षानुवर्षं चालतात. आमच्या ‘टूरिंग’ सायकलला मागे ३२. तरी आकड्यावर माझा तेवढा राग नाही. ३२चं चाकही नीट विणलं तर टिकतं. राग आहे तो विणण्यावर. ही चाकं मशीनवर विणून येतात आणि बहुतेक सैलच येतात. चाक जमिनीला टेकतं तिथल्या स्पोकचा ताण क्षणभर उतरतो, वर गेला की पुन्हा चढतो. या टायरचा घेर सव्वादोन मीटरला जरासा कमी, म्हणजे एका किलोमीटरला साडेचारशेच्या वर फेऱ्या. मुळातच ताण कमी असेल तर दर फेरीला स्पोक पुरता ढिला पडतो, मानेत हलतो, आणि तार वाकवून-वाकवून तोडावी तसा एक दिवस तुटतो. त्याचा ताण शेजाऱ्यांवर जातो, मग ते रांगेत उभे. वजनाने स्पोक तुटतात असं सगळे सांगतात. वजनाने तुटतात, पण सैल असले तर आधी तुटतात.

पुरावा हवाय? त्यानंतरचा स्पोक तुटला तो चोइथराम मंडीतून भाजी घेऊन येताना. सामान म्हणाल तर मेथीच्या दोन जुड्या.

शोरूममध्ये गेले. तिथल्या मुलाने चाकाकडे न बघता माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “मैडम, वज़न ज़्यादा हो गया होगा।” कॅरिअरवर २५ किलोची मर्यादा ठोकलेली आहे, मी १० किलो नेलं, ते मी त्याला बोट ठेवून दाखवलं. मग वॉरंटीचं कार्ड निघालं. फ्रेमला आजीवन, सुट्या भागांना सहा महिने, ‘झीज होणारे भाग वगळून’. स्पोक झीज होणाऱ्या भागांत येतो म्हणे. टायर झिजतो, ब्रेकचे पॅड झिजतात, चेन झिजते, मान्य. पण स्पोक कशावर घासतो? हा प्रश्न मी मेलवर कंपनीला विचारला. तीनदा एकच छापील उत्तर आलं. चौथ्या उत्तरात म्हणाले, चाक स्वखर्चाने कुरिअर करा, आमचे तज्ज्ञ तपासतील. कुरिअरचा खर्च काढला, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मग १९१५ला फोन लावला, ग्राहक हेल्पलाइन. तक्रार नोंदवली, बिलाचे आणि तुटलेल्या मानेचे फोटो चढवले. त्यानंतर कंपनीचा आवाज एकदम मऊ झाला. ‘सद्भावना म्हणून’ नवीन चाक पाठवतो म्हणाले. हक्क म्हणून नव्हे हं, सद्भावना म्हणून! आलं तेही मशीनचं, ३२चंच. खोक्यातून काढून स्पोकच्या जोड्या चिमटीत दाबून बघितल्या. आधीच्याइतकेच लिबलिबीत.

इथपर्यंतचा मजकूर मी निघण्याआधी लिहून ठेवला होता आणि खाली दोन तारे दिले होते. आता पुढचं.

दादाने शहरातले एक म्हातारे मिस्त्री शोधून काढले. दुकान म्हणजे जिन्याखालचा कोनाडा, पण ३६ भोकांचा हब आणि दुहेरी भिंतीची रिम आणून द्या म्हणाले, चाक मी विणतो. रिम ११००, हब १४००, स्टेनलेसचे ३६ स्पोक १२ रुपयांप्रमाणे ४३२, मजुरी ४००. एकूण ३,३३२ पदरचे गेले. जाताना पोटात दुखत होतं हे खरं. पण त्यांचं काम बघायला मी तिथेच स्टुलावर बसले. आधी सगळे निपल (स्पोकच्या टोकाचे बारीक नट) सारख्या आट्यांवर आणले, मग पाव-पाव फेरा आवळत गेले, सायकल उलटी करून चिमट्याला खडूचा तुकडा लावून आउट काढला. मला वाटलं झालं. तेवढ्यात त्यांनी समोरासमोरच्या स्पोकच्या जोड्या दोन्ही मुठींत धरून करकचून दाबल्या, सगळ्या चाकाला फिरून. कर्र-कर्र आवाज आला. म्हणाले, “अभी बोल रहा है न, बाद में नहीं बोलेगा।” पीळ बसलेल्या तारा तिथेच सुटतात, रस्त्यावर सुटत नाहीत. मग पुन्हा आउट. असं तीन वेळा. ४०० रुपयांत. मशीनला यातलं शेवटचं काम एक तर येत नाही किंवा तेवढा वेळ तिला कोणी देत नाही.

मकरसंक्रांतीचा तिळगूळ घेऊन निघालो. आग्रा-मुंबई रस्त्यावरचा गणपती घाट टाळला. तिथे उतारावर ट्रकांचे ब्रेक निकामी होत आलेत हे इंदुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जाम गेटवरून मंडलेश्वर, महेश्वर, धामनोद करून खलघाटला मोठ्या रस्त्याला लागलो. इंदूर साडेपाचशे मीटरवर, नर्मदा तिथे दीडशेच्या आसपास, म्हणजे विंध्याचा सगळा उतार एका सकाळी ब्रेकवर येतो. डिस्कला करपल्याचा वास आला तेव्हा दोनदा थांबून गार होऊ दिली. एरवी तक्रार नाही.

सेंधव्यानंतर बिजासनचा घाट, आणि घाटाखाली महाराष्ट्र. आमच्या विमानतळाजवळही बिजासन टेकरी आहे, त्यामुळे तिकडच्या देवीला मी आपल्याकडचीच समजून नमस्कार केला. गिअरबद्दल इथे लिहिते : सगळ्यात हलका २८ बाय ३२, म्हणजे पुढे २८ दात, मागे ३२. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम १.९ मीटर सरकते. राजेंद्रनगरातल्या सपाट रस्त्यांवर तो गिअर निरुपयोगी वाटायचा, तीन बाय आठऐवजी दोन बाय आठ दिला असता तर हजारभर वाचले असते, असा माझा हिशेब होता. पुढे चांदवडच्या अलीकडचा राहूडचा घाट सामानासकट बसून चढले, न उतरता. हिशेब मागे घेते.

शिरपूरजवळ तापी, मग सोनगीरची तांब्या-पितळेची दुकानं. (दादाने तिथे एक तांब्याचा हंडा बघितला. मी ‘कॅरिअर २५ किलो’ म्हटल्यावर ठेवला.) धुळ्याच्या ढाब्यावर शेवभाजी. इंदुरी माणसाने शेव रश्श्यात भिजवलेली बघणं कठीण असतं, पण दिवसभराच्या पायडलनंतर दोनदा मागवली. चांदवडला होळकरांचा रंगमहाल बघायला अर्धा दिवस काढला. अहिल्याबाईंच्या गावचे म्हणून आम्हाला तिथे उगाचच घरी आल्यासारखं वाटलं. चढाखाली थांबून चाक फिरवून बघायची मला सवय लागली होती. दादा वैतागायचा. चाक एकदाही डुललं नाही. चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळीला) टेपने बांधून नेलेले जादा स्पोक तसेच परत आले, कॅसेटचा पानासुद्धा.

बाकीचं पटकन. टायरना गाडीसारखाच जाड व्हॉल्व्ह आहे, कुठल्याही पेट्रोल पंपावर हवा भरता येते. घेताना नक्की बघा, बारीक व्हॉल्व्ह असेल तर अॅडॉप्टर लागतो आणि तो ऐन वेळी सापडत नाही. गादी कंपनीची तशीच ठेवली, थोडी पुढे झुकवली, एवढ्याने भागलं. मऊ जेलचं कव्हर घेऊ नका, लांबच्या अंतरावर ते रुततं. मडगार्डचा एक स्क्रू मालेगावच्या पुढे पडला, तिथे मी पिशवीची दोरी बांधली. ती अजून तशीच आहे आणि स्क्रूपेक्षा बरी आहे. स्टँड बेकार, सामान असेल तर सायकल भिंतीलाच टेकवा.

तारे : सायकलला चार. कंपनीच्या सेवेला एकही नाही. मिस्त्रींना द्यायला त्या मेसेजमध्ये जागा नव्हती.

घ्यावी का? सामान नेणार नसाल तर आहे तशी घ्या, फक्त पहिल्या महिन्यातच कुणा जाणत्याकडून मागचे स्पोक आवळून घ्या, शे-दीडशेत काम होतं. सामान नेणार असाल तर ३,३३२ किमतीतच धरा, म्हणजे ३०,३३२. तेवढ्यात दुसरी ३६ स्पोकची मिळत असेल तर ती बघा. मला तरी सापडली नाही.

आणि ते सद्भावनेचं चाक माडीवर खोक्यात पडून आहे. ऑफिस, दूध, भाजी यांना चालेल. राजेंद्रनगरातून घेऊन जायचं, ५०० रुपये, टायर-ट्यूब वेगळे. घासाघीस नको.