दादरचं मुलांचं चायनीज मसाज सेंटर: हात चांगला, पण हाइट पॅकेज घेऊ नका

दादर वेस्टला स्टेशनपासून चालत जाण्यासारखं हे सेंटर आहे, लहान मुलांचं तुइना करतात, म्हणजे चायनीज पद्धतीचा मसाज, सुया नाहीत, पोटात औषध नाही. आमचा धाकटा तिसरीत, जेवायचा कंटाळा, पोट कधी नीट साफ नाही आणि वर्गात सगळ्यात बुटका, म्हणून नणंदेने सुचवलं.

मसाज करणाऱ्या ताईंचा हात खरंच छान आहे. मुलाला पालथं झोपवून माकडहाडापासून मानेपर्यंत पाठीची कातडी चिमटीत धरत धरत वर नेतात, मग अंगठा चोळतात, गुडघ्याच्या खाली चार बोटांवर बाहेरच्या बाजूला एक पॉइंट आहे तो दाबतात. सुरुवातीला गुदगुल्या होऊन नुसता लोळायचा, नंतर आपणच शर्ट काढून झोपायला लागला. चायनीज वैद्यकात मूत्रपिंडाचा हाडांशी आणि प्लीहेचा पचनाशी संबंध मानतात, त्या हिशोबाने हे पॉइंट ठरलेत. कानाला मोहरीएवढ्या बिया चिकटपट्टीने लावून देतात, त्या घरी अधूनमधून दाबायच्या, पण घरात अजून लहान पोर असेल तर सांभाळा हं, निघालेली बी नाकातोंडात जाते.

फरक? पोट साफ व्हायला लागलं, झोप शांत, भूक बरी. सुट्ट्या होत्या, खेळणंही वाढलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय मसाजला देणार नाही, पण पोरगं खूश होतं आणि मला तेवढं पुरे.

आता हाइट पॅकेज. काउंटरवर सहा महिन्यांचे पैसे एकदम भरायला सांगतात, त्यात लेप, मोक्सा (पेटवलेल्या वनस्पतीचा शेक) सगळं आलं. मी सरळ नाही म्हटलं. उंची वाढते ती हाडांच्या टोकांजवळच्या ग्रोथ प्लेटमधून, म्हणजे वाढत्या वयातल्या मऊ कूर्चेच्या थरातून, आणि तिथे चालतं ते ग्रोथ हार्मोन, थायरॉइड, खाणंपिणं आणि आईबापाच्या उंचीचं, ती प्लेट बंद झाली की वरून कितीही चोळा, हाड लांब होत नाही. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंमी वाढतं, ४ च्या खाली आलं तर आधी बालरोगतज्ज्ञ गाठा. ते चार्टवर उंची मांडतात, गरज वाटली तर डाव्या हाताचा एक्सरे काढून हाडांचं वय बघतात, थायरॉइड तपासतात. आईबापाच्या उंचीची सेंटिमीटरमधली बेरीज, मुलगा असेल तर त्यात १३ मिळवायचे, मुलगी असेल तर वजा, मग भागिले २, असा अंदाज काढतात. आमच्या डॉक्टरांनी सगळं बघून सांगितलं की हा त्याच्या रेषेवर नीट वाढतोय. पण ज्याला खरंच ग्रोथ हार्मोन कमी आहे त्याला इंजेक्शनचा उपयोग प्लेट उघड्या असेपर्यंतच, तिथे सहा महिने मसाजवर घालवणं म्हणजे मुलाचं नुकसान. मुली लवकर वयात येतात, त्यांच्या बाबतीत तर अजिबात थांबू नका.

मोक्सा म्हणजे आपल्या दवण्याच्या जातीतलीच वनस्पती वाळवून पेटवतात आणि त्वचेजवळ धरतात, मुलाला दमा असेल तर धुरामुळे नकोच, आणि चुळबुळ करणाऱ्या पोराला चटका बसायची भीती. लेपात काय काय आहे ते विचारल्याशिवाय लावून घेऊ नका, चिकटपट्टीनेसुद्धा पुरळ येतं.

सुट्टं सेशन मागितलं तर देतात, ७०० रुपये. शनिवारी गर्दी असते, मधल्या वारी जा आणि जेवल्या जेवल्या नेऊ नका, पोट दाबतात.